चौकोन जोडून क्रोशाचं ब्लँकेट करताय? या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, घरातली वहिनी, शेजारची काकू अशा चार-पाच जणी मिळून ब्लँकेट करायला बसल्या की काम भराभर पुढे जातं. लोकर एक, सुई एक, नमुनाही एकच. पण दिवाळीनंतर जोडायला घेतलं की कुठे चुण्या पडतात, कुठे झोळ येतो, आणि दोष दिला जातो जोडणीला. माझं म्हणणं असं की जोडताना दिसणारी चूक बहुतेक वेळा चौकोनातच झालेली असते. म्हणून पहिलं सांगणं हे की मोजल्याशिवाय एकही चौकोन जोडू नका.

सुईचा नंबर सारखा असला म्हणजे माप सारखं येतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. हात घट्ट असेल तर 4 मिमीच्या सुईवर चौकोन आकसतो, हात सैल असेल तर त्याच सुईवर पसरतो. फरक अर्ध्या सेंटिमीटरचा असला, तरी दहा चौकोनांच्या ओळीत तो 5 सेंटिमीटर होतो, आणि तेवढं कापड जोडणीत लपत नाही. सुरुवातीलाच प्रत्येकीने एकेक चौकोन विणून तो टेपने मोजावा. घट्ट हाताच्या बाईला 4.5 ची सुई द्यावी, सैल हाताच्या बाईला 3.5 ची. माप जुळणं महत्त्वाचं, सुईचा नंबर नाही. आपला स्वतःचा हातसुद्धा बदलतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात घामाने लोकर बोटाला चिकटते आणि टाके आवळले जातात, थंडीत तीच लोकर सहज सरकते. उन्हाळ्यातला एक चौकोन नमुना म्हणून बाजूला ठेवा आणि पुढचे त्याच्यावर ठेवून ताडून बघा.

मापाइतकीच टाक्यांची मोजणीही लागते. नेहमीच्या ग्रॅनी स्क्वेअरमध्ये, म्हणजे मधून बाहेर फेऱ्या घेत विणलेल्या चौकोनात, दर फेरीला 12 खांब (सुईला एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके) वाढतात. चौथ्या फेरीत प्रत्येक बाजूला तीन-तीन खांबांचे 4 गुच्छ, म्हणजे एकूण 48 खांब भरायला हवेत. सुरुवातीच्या 3 साखळ्या हा एक खांब धरायचा असतो. कुणी तो धरते, कुणी धरत नाही, आणि एका बाजूला टाका कमी-जास्त होतो. कोपऱ्याचंही तसंच. एकीने कोपऱ्यात 2 साखळ्या घातल्या आणि दुसरीने 3, तर चार चौकोन जिथे भेटतात तिथे भोक पडतं. हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा.

चौकोन तिरका होत असेल, म्हणजे चारही बाजू सारख्या असूनही कोपरे पतंगासारखे ओढले जात असतील, तर कारण साधं आहे: सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने विणल्या गेल्यात. प्रत्येक फेरीनंतर काम उलटून विणा, तिरकेपणा बराच जातो. चौकोन वाटीसारखा वर उचलला जात असेल तर टाके कमी पडलेत किंवा हात आवळलाय. कडेला लाटा येत असतील तर टाके जास्त झालेत.

परदेशी नमुना वाचून विणणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी. आपल्या खांबाला अमेरिकी पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ट्रेबल म्हणतात. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकी सिंगल क्रोशे, खांबापेक्षा आखूड टाका. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे आलं असेल, तर तो अमेरिकी पद्धतीचा समजावा.

लोकर थोडी थोडी आणू नका. लेबलवर रंगाचा लॉट नंबर असतो. तोच रंग वेगळ्या लॉटमध्ये वेगळा दिसतो, आणि दुकानातल्या दिव्याखाली ते कळत नाही. एक चौकोन वजन काट्यावर ठेवा. समजा 15 ग्रॅम भरला आणि 80 चौकोन करायचेत, तर 1200 ग्रॅम लोकर झाली. जोडणी आणि किनारीसाठी वर 200 ग्रॅम धरा. स्वयंपाकघरातला काटा एवढा बारीक नसेल, तर पाच चौकोन एकत्र तोला आणि भागा.

सुटे दोरे शेवटी खोचू म्हणून ठेवणं ही आळसाची नाही, हिशेबाची चूक आहे. चार रंगांच्या एका चौकोनाला 8 टोकं असतात, 80 चौकोनांना 640. चौकोन संपला की त्याचे दोरे लगेच खोचा. टोक 15 सेंटिमीटर ठेवा, बोथट सुईने दिशा बदलत तीन वेळा फिरवा. ॲक्रिलिक निसरडं असतं, नुसती गाठ धुण्यात सुटते. चौकोन जिथून सुरू होतो त्या मधल्या कड्याचा दोरा तर कड्याभोवती दोनदा फिरवल्याशिवाय कापूच नका.

मापात न बसलेला चौकोन टाकून देऊ नका. लहान असेल तर सिंगल क्रोशेची एक फेरी वाढवा. मोठा असेल तर शेवटची फेरी उसवून अर्धा मिमी बारीक सुईने पुन्हा विणा. सुती किंवा अस्सल लोकरीचा चौकोन ओला करून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी मापात ताणून वाळवता येतो. ॲक्रिलिकला मात्र इस्त्री टेकवायची नाही. वरून हलकी वाफ द्या, तीही आधी एका जादा चौकोनावर. जास्त उष्णतेने ॲक्रिलिक चमकतं, लुळं पडतं आणि परत पूर्ववत होत नाही.

आता जोडणी. सगळे चौकोन जमिनीवर मांडा, फोटो काढा, मगच दोरा घ्या. दोन-दोन जोडून तुकडे करण्यापेक्षा सगळे आडवे सांधे एका लांब ओळीत घ्या, नंतर उभे. चौकात दोरा तोडू नका, तसाच पुढच्या चौकोनावर न्या. हातशिलाई करत असाल तर सुलट बाजू आत ठेवून, टाक्याच्या माथ्यावरच्या दोन फासांपैकी फक्त मागच्या फासातून टाका घ्या, सांधा सपाट बसतो. सिंगल क्रोशेने जोडलं की उंच रेघ येते. ती वर हवी की खाली, हे पहिल्याच ओळीला ठरवा. दर दोन-तीन चौकोनांनंतर सांधा दोन्ही हातांनी ताणून बघा. दोरा करकचला असेल तर तिथेच कळतं.

किनारीला समोरासमोरच्या बाजूंचे टाके सारखे ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्यात 3 सिंगल क्रोशे घाला. कड आवळली तर सुई मोठी घ्या, लाटा आल्या तर बारीक.

धुतल्यावर ओलं ब्लँकेट दोरीवर टाकू नका. पाण्याच्या वजनाने ते लांबतं, आणि सुती असेल तर फारच. खानदेशी उन्हात रंगही उडतो. सावलीत बाजेवर सपाट पसरा, खालूनही वारा लागतो.