हौशी कंट्री बँडचा इतिहास लिहायला घेताना

लोकसंगीताच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागात गेलात, तर प्रकल्प म्हणून एखादा गावचा बँड वाट्याला येऊ शकतो. आठवडाभर गिरणीत नाहीतर गॅरेजात राबायचं आणि शनिवारी लॉजच्या, म्हणजे गावातल्या बंधुमंडळाच्या, हॉलमध्ये वाजवायचं, असे चार-पाच जण. नवखा विद्यार्थी बँडच्या नावाने शोध सुरू करतो आणि तिथेच फसतो, कारण नाव ही या बँडची सगळ्यांत कच्ची खूण असते.

व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स गावच्या एका बँडचं उदाहरण घ्या. टोनी ऑल्डरमन हा तिथला न्हावी फिडल वाजवायचा, जॉन रेक्टर बँजो, जो हॉपकिन्स गिटार आणि त्याचा भाऊ अल पियानो. जानेवारी १९२५ मध्ये न्यू यॉर्कला ‘ओके’ या तबकड्यांच्या कंपनीसाठी त्यांनी सहा गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्यांना धड नावही नव्हतं. कंपनीच्या राल्फ पिअरने नाव विचारल्यावर अल म्हणाला, आम्ही डोंगरातली गावंढळ माणसं, काहीही म्हणा. त्यातून ‘द हिल बिलीज’ झालं. पुढे व्होकॅलियन कंपनीच्या तबकड्यांवर ते हिल बिलीजच राहिले, पण ब्रन्सविक कंपनीच्या तबकड्यांवर ‘अल हॉपकिन्स अँड हिज बकल बस्टर्स’ झाले. नावावर विसंबणाऱ्याला इथे दोन बँड दिसतील.

म्हणून आधी तक्ता आखा. प्रत्येक पुराव्याला एक ओळ. रकाने तारीख, ठिकाण, फिडल, बँजो, गिटार, बास आणि पुरावा कसला याचे. माहीत नसेल तो रकाना रिकामा ठेवा. ‘तेव्हाही तोच असणार’ म्हणून भरलेलं नाव पुढे खऱ्या पुराव्यासारखं दिसायला लागतं आणि नंतर ते उपटून काढता येत नाही.

मुलाखतीत ‘कोणत्या साली?’ हा प्रश्न टाळा. माणसं साल सांगतात, पण अंदाजाने. फोटो पुढे ठेवा, डावीकडून उजवीकडे नावं विचारा, मग विचारा: गाडी कुणाची होती? तेव्हा मोठी मुलगी झाली होती का? कोण सोडून गेलं आणि त्याच्या जागी कोण आलं? गाडीचं मॉडेल आणि मुलांचे जन्म यांवरून साल बऱ्यापैकी पक्कं होतं. फोटो त्यांच्याच घरी स्कॅन करा, ६०० डीपीआयला, मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो.

सगळ्यांत जास्त नुकसान टेपच्या बाबतीत होतं. कपाटातून रीळ निघालं की लगेच वाजवू नका. आधी उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर टेपची पट्टी बहुधा अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची, काळी राहिली तर पॉलिएस्टरची. १९७०-८० च्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेप दमट हवेने चिकट होतात, वाजवताना किंचाळतात आणि चुंबकीय थर यंत्राच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) सोडतात. त्यांना प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये साधारण ५४ अंश सेल्सिअसला आठेक तास तापवतात. हे काम जाणकाराकडेच द्या. अ‍ॅसिटेट मात्र कधीही तापवायची नाही. त्या टेपला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती वेगळी ठेवा आणि तिची प्रत आधी काढा. प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ फक्त ऐकायला.

टेपचा वेग तपासताना फिडलच्या सुरावर भरवसा नको, कारण हे वादक मनाला येईल तसं चढं-उतरं सूर लावत. विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डरने टिपलेली वीजपुरवठ्याची गुणगुण शोधा: अमेरिकेत ती ६० किंवा १२० हर्ट्झला पडायला हवी. सेलवरच्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले असतील, तर टेप आज ऐकताना सूर हळूहळू चढत जातो.

बँडने स्वखर्चाने काढलेली तबकडी असेल तर लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यातले कोरलेले आकडे उतरवून घ्या. सिनसिनाटीच्या ‘राइट’सारख्या तबकड्या काढून देणाऱ्या कारखान्यांचे क्रमांक ओळीने जात असल्यामुळे साल काढता येतं. जुन्या शेलॅकच्या (लाखेच्या) तबकड्या स्पिरिटने पुसाल तर त्या कायमच्या बिघडतील.

वर्तमानपत्रांच्या संग्रहात बँडच्या म्होरक्याचं आडनाव टाका, मग चुकीच्या स्पेलिंगने पुन्हा. रेडिओच्या वेळापत्रकाचा रकाना मात्र डोळ्यांनीच वाचावा लागतो. आणि जाहिरात म्हणजे कार्यक्रम ठरला होता इतकाच पुरावा, तो झाला याचा नव्हे.

संमतीपत्रावर सही पहिल्याच भेटीत घ्या. वर्षभराने वारसांत मतभेद झाले की कोणी सही करत नाही. टेप वाजवण्याची परवानगी आणि ती प्रसिद्ध करण्याची परवानगी वेगळी लिहा. अमेरिकी कायद्याने १९२५ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२६ ला स्वामित्वहक्कातून खुली झाली. १९४७ ते १९५६ मधल्यांना प्रसिद्धीपासून ११० वर्षं थांबावं लागेल. मूळ वस्तू कुठे द्यायच्या हे कुटुंबाने ठरवायचं. चॅपल हिलचं सदर्न फोकलाइफ कलेक्शन किंवा जॉन्सन सिटीचं अर्काइव्ह्ज ऑफ अ‍ॅपलेशिया अशा संग्रहांशी बोलताना तक्त्याची प्रत सोबत न्या. रीळ कुणाचं, कधीचं, हे त्यांना आधी हवं असतं.