नॉर्डिक कम्बाइन्ड पहिल्यांदा बघताय? मग असं बघा

आधी स्की जम्पिंग, मग त्याच दिवशी 10 किलोमीटर क्रॉस कंट्री स्कीइंग (बर्फावर स्की लावून शर्यत), म्हणजे उडी मारायला हलकं अंग पाहिजे आणि पळायला दमसास, दोन्ही एकाच माणसात! ऑलिंपिकमध्ये 1924 पासून आहे, पण 2022 च्या बीजिंगमध्येही फक्त पुरुषांसाठीच होतं.

उडी बघताना नुसते मीटर बघू नका. उतरायच्या उतारावर के-पॉइंट नावाची रेघ असते, तिथपर्यंत पोचलात की 60 गुण, पुढे गेलात की वाढतात, अलीकडे पडलात की कापतात. वाऱ्याचेही गुण कमी-जास्त होतात, त्यामुळे लांब उडीवाला खाली आणि आखूडवाला वर दिसला तर चक्रावू नका.

खरी गंमत पुढे. गुणांचे सेकंद होतात, वैयक्तिक 10 किमीत 1 गुण म्हणजे 4 सेकंद. उडीत 30 गुणांनी मागे असाल तर पहिला सुटल्यावर 2 मिनिटांनी तुमचा नंबर. म्हणून वेगळा हिशोब नको, जो आधी शर्यतीची शेवटची रेघ ओलांडेल तो जिंकला.

उडीनंतर पहिल्या नंबरवर जास्त भाळू नका हं, मी तर मिनिट-दोन मिनिटं मागे असलेले चांगले पळणारे हेरून ठेवतो. बीजिंगला लार्ज हिलच्या (म्हणजे मोठ्या उतारावरच्या) उडीत नॉर्वेचा रीबर पहिला होता, 44 सेकंदांची आघाडी, आणि पठ्ठ्या पहिल्या फेरीनंतर चक्क चुकीच्या रस्त्याला वळला!! शेवटी आठवा. आणि दोन मिनिटांहून जास्त मागून सुटलेला त्याचाच देशबंधू ग्रोबाक गोल्ड घेऊन गेला.