एकाच कॉम्प्रेसरच्या डोक्यावर सगळा भार

शिकाऊ असताना एक गाणं मिक्सिंगला आलं. अंतऱ्यात गायिका जवळजवळ कुजबुजत होती, मुखड्यात गळा मोकळा सोडून गात होती. मी एकच कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावला, रेशो 8:1, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचे 8 डीबी (डेसिबल) दाबून 1 करायचे, आणि किती दाबलं ते दाखवणारा काटा 12 डीबीवर पोचेपर्यंत ती पातळी, म्हणजे थ्रेशोल्ड, खाली ओढत नेला. आवाज एका पातळीत आला खरा, पण शब्दांची सुरुवात चेपलेली, आणि ओळ संपली की श्वास भसकन पुढे. पंपिंग (कॉम्प्रेसरमुळे आवाज असा दबता-उसळता ऐकू येणं) हा शब्द नुसता वाचला होता, त्या दिवशी ऐकला.

एखाद्या अक्षराची क्षणिक उसळी आणि अंतरा-मुखड्यातला फरक ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच अटॅक-रिलीजमध्ये (कॉम्प्रेसर किती वेगाने दाबतो आणि सोडतो) दोन्ही बसत नाहीत.

म्हणून आता पहिलं काम कॉम्प्रेसरशिवाय. क्लिप गेनने, म्हणजे रेकॉर्डिंगच्या तुकड्याचीच पातळी बदलून, अंतऱ्याच्या ओळी हाताने वर घेतो, किंचाळलेले शब्द खाली. कंटाळवाणं आहे, पण अर्धी लढाई इथेच संपते.

मग 1176 या मॉडेलच्या छापाचा वेगवान कॉम्प्रेसर, रेशो 4:1, फक्त उसळ्यांवर 3 डीबीच्या आसपास. मध्येमध्ये काटा शून्यावर परतलाच पाहिजे. सतत खालीच राहिला तर तो पुढच्या कॉम्प्रेसरचं काम करतोय. आणि एक गंमत: याचे अटॅक-रिलीजचे नॉब उलटे चालतात, उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो. मी कित्येक दिवस 'हळू' समजून सगळ्यात वेगवान अटॅक वापरत होतो!

त्यामागे एलए-2ए या मॉडेलसारखा ऑप्टिकल (प्रकाशाच्या आधारे दाबणारा) कॉम्प्रेसर, 2-3 डीबी. दाब सुटताना तो निम्मा साधारण 60 मिलिसेकंदांत सोडतो, उरलेला अर्ध्या ते पाच सेकंदांत, रेंगाळत. ओळीला सलगपणा येतो तो या रेंगाळण्यामुळे. काही जण क्रम उलटा ठेवतात, तेही चालतं. मला उसळ्या आधी कापलेल्या बऱ्या वाटतात, नाहीतर एका 'प'च्या धक्क्याने ऑप्टिकल दबतो आणि पुढचे दोन शब्द उगाच बुडतात.

थोडं थोडं म्हणून पाच कॉम्प्रेसर रांगेत लावायचा मोह मात्र आवरा. दोन्ही थ्रेशोल्डच्या वर असलेल्या आवाजासाठी रेशोंचा गुणाकार होतो: 4:1 नंतर 3:1 म्हणजे 12:1. मेकअप गेनची (दाबल्यावर कमी झालेली पातळी भरून काढणारी वाढ) मात्र बेरीज. दोन टप्प्यांवर 3-3 डीबी भरून काढलं, की श्वास, खोलीचा आवाज, हेडफोनमधून गळलेला क्लिक (तालाची टिकटिक), सगळं 6 डीबीने वर. ग्रुपवर (एकत्र केलेले ट्रॅक) आणि मास्टरवर (अख्खं गाणं) आणखी कॉम्प्रेसर असतील तर तेही याच हिशोबात धरा.

प्रत्येक टप्पा बायपास करून ऐका, पण आधी आउटपुट असं लावा की चालू-बंद दोन्ही वेळा आवाज तेवढाच भरेल. सुरुवातीचे काही महिने मी हे केलंच नाही. तेव्हा जे सुधारलेलं वाटायचं, ते बहुतेक वेळा नुसतं दोन डीबी मोठं असायचं.