सेप्टिक टँक तुंबायची वाट बघू नका (खास कोकणातल्या घरांसाठी)

कणकवली घ्या नाहीतर महाड, आपल्याकडं बहुतेक घरांच्या संडासाचं पाणी मागीलदारच्या टाकीतच जातं आणि ती तुंबत नाही तोवर कोणी झाकण उघडत नाही. आता जांभ्याच्या जमिनीत टाकी बऱ्याचदा तुंबतच नाही, खरी भीती तिथंच आहे. गाळ वाढला की पाण्याला टाकीत थांबायला जागा उरत नाही, मैला खाली न बसता तसाच शोषखड्ड्यात (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात) जातो, आणि जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यातनं पाणी गाळलं न जाता पुढं सरकतं आणि पावसाळ्यात विहिरीत उतरतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. जांभ्यात मी तर म्हणेन जमेल तेवढा आणखी लांब न्या, आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला घ्या, वरच्या बाजूला नको.

गाळ मोजायचा कसा? लांब बांबू घ्या, खालच्या मीटर-दीड मीटरला जुना पांढरा पंचा गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधा. हातमोजे घाला. संडासाचा पाईप ज्या कप्प्यात येतो त्याचं झाकण काढून चांगला वारा लागू द्या, काडी-विडी अजिबात पेटवायची नाही, वाकून आत बघायचं नाही. बांबू हळूच तळापर्यंत सोडा, काही मिनिटं थांबा, सरळ वर घ्या. कापडावर खाली काळा दाट थर दिसेल, त्याच्या वर नुसतं मळकट ओलं. काळा थर पाण्याच्या एक तृतीयांश झाला, म्हणजे मीटरभर पाण्यात फूटभर, की गाळ उपसायची सक्शनची गाडी बोलवायची. मोजणं जमत नसेल तर दर ३ वर्षांनी उपसा करून घ्याच. घाटावर वाई आणि सिन्नरला नगरपरिषदेनं असं ३ वर्षांचं वेळापत्रकच लावलं, ठरलेल्या भागात गाडी येते आणि गाळ प्रक्रिया करायच्या प्रकल्पावर जातो.

दिवाळीनंतर ते एप्रिल हा काळ बरा. भर पावसात नको, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, रिकामी टाकी त्या दाबानं उचलली जाते नाहीतर तडकते, आणि लाल चिखलात गाडी रुतते ती वेगळीच.

माणूस आत उतरवायचा नाही. कितीही स्वस्तात करतो म्हणाला तरी नाही, हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे आणि आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सक्शन पाईपनंच काम झालं पाहिजे. गाडी मिळत नसेल तर नगरपरिषदेत विचारा किंवा १४४२० या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

ड्रायव्हरला गाळ कुठं टाकणार ते तोंडावर विचारा. व्हाळात, म्हणजे ओढ्यात ओतला तर तो खाडीत जाणार, आणि तिथलीच कालवं, तिसऱ्या आपण खातो.

उपसा झाल्यावर टाकी फिनेल, ॲसिडनं धुऊ नका, जंतूच तर मैला कुजवतात. साधं पाणी भरा, झाकणाची सांध सिमेंटनं बुजवा, पागोळीचं पाणी टाकीत येत असेल तर पन्हळ दुसरीकडं वळवा.

आणि शेजाऱ्यांशीही बोला, कारण तुमच्या विहिरीला त्यांचा शोषखड्डा तुमच्या स्वतःच्यापेक्षा जवळ असू शकतो, दोन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी गाडी बोलावली तर सगळ्यांचंच काम होतं.