स्वस्तातला चेनसॉ जास्त दिवस टिकवायचा कसा?

स्वस्त चेनसॉमध्ये काटकसर केलेली असते ती बहुतेक बार (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ती), चेन, रबरी नळ्या आणि स्क्रूंवर. इंजिन त्यामानाने बरं असतं, पण या किरकोळ भागांपायी तेही जातं. म्हणून खोक्यातून काढल्या काढल्या दोरी ओढू नका.

आधी पाना घेऊन बसा. हँडल, मफलर (सायलेन्सर), कार्ब्युरेटर इथले सगळे स्क्रू आवळा. ॲल्युमिनियममधले आटे पटकन जातात, तेव्हा घट्ट लागलं की थांबा. पहिली टाकी संपली आणि इंजिन गार झालं की पुन्हा एकदा आवळा. कार्ब्युरेटर सैल असेल तर बाजूने फुकटची हवा आत जाते, पेट्रोल कमी पडतं आणि त्यात मिसळलेलं ऑइलही. पिस्टनवर ओरखडे पडतात ते बऱ्याचदा यामुळेच.

पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण मापानेच करा. पुस्तिकेत २५:१ असेल तर लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. पहिल्या दोन-तीन टाक्या सलग फुल थ्रॉटलवर पळवू नका.

आता चेनचं ऑइल. याची टाकी वेगळी असते आणि स्वस्त मशीनचा ऑइल पंप हा हमखास रडणारा भाग. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यावर, न टेकवता, धरा आणि रेस द्या. काही सेकंदांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून त्याचं तेलाचं भोक आणि खाच तारेने साफ करा. भुसा अडकलेला असतो. कोरडी चेन बार जाळते.

चेनला हात लावण्याआधी मशीन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली आणि हातात मोजे, हे ठरलेलं. चेन गार असताना ताणा: बारच्या खालच्या बाजूला चिकटून राहिली पाहिजे, पण हाताने ओढल्यावर सहज सरकली पाहिजे. नवी चेन सुरुवातीला भराभर सैल होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

धारेचं मात्र मनावर घ्या. लाकडाचे कपचे उडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की चेन बोथट झाली. तशीच दाबून कापत राहिलात तर क्लच, बार आणि इंजिन तिन्ही तापतात. चेनच्या मापाची गोल कानस घ्या आणि प्रत्येक दाताला आतून बाहेर, एकाच कोनात, सारखेच हात मारा. कानस परत ओढताना दातावर घासायची नाही. सोबत आलेली चेन धार धरतच नसेल तर चांगली चेन विकत घ्या. या मशीनवर केलेला सर्वांत शहाणा खर्च तोच. धार लावली की बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चेन ब्रेक लागलेला असताना रेस देऊ नका, क्लच जळतो. एअर फिल्टर रोज झटका.

महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालू ठेवा. उरलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटरचे पडदे कडक होतात, मग दोरी ओढून खांदा दुखला तरी मशीन सुरू होत नाही.