सवाईची तयारी, उलट्या क्रमाने

नोव्हेंबर सरत आला की आमच्या घरात सवाईची, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन संगीत महोत्सवाची, बोलणी सुरू होतात. कुठल्या दिवशी कोण गाणार यावर ताई तावातावाने बोलते आणि मी मोजपट्टी शोधते. ताईला कमरेखाली संवेदना नाही. हाताने चालवायची, घडी होणारी व्हीलचेअर ती गेली अनेक वर्षं वापरते. पहिल्या वर्षी मी तयारीला तिकिटापासून सुरुवात केली होती. आता यादी उलटी धरते: आधी शौचालय, मग परतीचा रस्ता, मग आत शिरणं, मग बसायची जागा. एवढं जमत असेल तर तिकीट.

शौचालय पहिलं का? कारण त्याची खात्री नसली की माणूस सकाळपासून पाणी पीत नाही. एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला (सवाई नव्हे) फोनवर "हो हो, सगळी सोय आहे" असं ऐकून आम्ही गेलो, तर फिरत्या शौचालयाला तीन पायऱ्या होत्या. ताईने संध्याकाळभर घोटभरही पाणी घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात लघवीचा जंतुसंसर्ग आणि ताप. तेव्हापासून "सोय आहे का?" हा प्रश्नच मी बंद केला. त्याचं उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. विचारायचं ते मापात. दाराची रुंदी किती? उंबरा आहे का? दार आत उघडतं की बाहेर? तिची खुर्ची कडेपासून कडेपर्यंत ६३ सेंटिमीटर आहे, म्हणजे ७५ चं दार असेल तर हाताची बोटं न सोलवटता जाता येतं. आत खुर्ची पूर्ण वळवायची तर साधारण दीड मीटरचा मोकळा गोल लागतो. तो मिळाला नाही तर सरळ आत जाऊन उलटं बाहेर यायचं, पण तेही आधी माहीत हवं.

मैदानावर जमण्यासारखं नसेल तर आसपास शोधा: ओळखीच्यांचं तळमजल्यावरचं घर, एखादं रुग्णालय, हॉटेल. आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. फोटो मागवला तर दाराचा येतो, पायरीचा येत नाही. ताई दर चार-पाच तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) वापरते. त्यामुळे कार्यक्रम दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपणार असेल तर मध्ये एक खेप नक्की, हे धरूनच कुणाचं गाणं बुडवायचं ते ठरतं. तो निर्णय सर्वस्वी तिचा. मी एकदा माझ्या मनाने सतारवादन निवडलं होतं, त्याचे टोमणे अजून ऐकते. पिशवीत दोन जादा कॅथेटर, जेली, ओले रुमाल, हात धुवायचं द्रव, काळ्या पिशव्या, एक जादा सलवार आणि जुनी मोठी चादर. दाराची कडी लागत नाही तेव्हा चादर उपयोगी पडते.

आता परत येणं. महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. आता एरवी रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की सगळे एकदम उठतात. शेवटच्या दहा मिनिटांत निघावं असं शहाणे लोक सांगतात. ताईचं उत्तर ठरलेलं: "भैरवीच्या आधी उठायचं असेल तर मला नेऊच नकोस." म्हणून आम्ही उलट करतो. संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जागेवरच बसतो, थर्मासमधला चहा संपवतो, मांडव रिकामा झाला की निघतो. रिक्षावाल्याला आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ऐन वेळी खुर्ची बघून तीन रिक्षा पुढे जातात, चौथा थांबतो आणि दुप्पट मागतो. महोत्सव रमणबागेत होता तेव्हा पेठेतल्या गल्ल्यांमधून खुर्ची काढणं हीच एक मैफल असायची. २०१८ मध्ये तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. तिथे गल्ल्यांचा त्रास कमी. स्वारगेटच्या भुयारी मेट्रो स्थानकाला लिफ्ट आहे, पण तिथून पुढे जेधे चौकातून खुर्ची ढकलायची हिंमत मी रात्री करत नाही. तेवढ्या टप्प्याला रिक्षाच.

आत शिरताना खरा शत्रू पायरी नव्हे, जमीन. पुढची चाकं लहान असतात आणि मऊ मातीत, खडीत, गालिच्याच्या सुरकुतीत रुततात. अशा वेळी जोर लावून पुढे ढकलू नका, खुर्चीतला माणूस तोंडावर पडेल. खुर्ची उलटी फिरवा आणि मागची मोठी चाकं पुढे घेऊन ओढा, किंवा मागे कलवून पुढची चाकं हवेत ठेवा. वायरी झाकायच्या रबरी पट्ट्या तिरक्या नव्हे, सरळ ओलांडायच्या. आणि भारतीय बैठकीच्या कडेला काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग! एका कोल्हापुरीत ताईचं चाक असं अडकलं की चपलेचे मालक, चप्पल आणि आम्ही, तिघंही एका द्रुत बंदिशीभर जागचे हललो नाही.

गर्दीत हौशी मदतनीस फार. पुणेकर मदतीला मागे नाहीत, पण न विचारता मुठी धरून ढकलू लागतात, आणि उचलायची वेळ आली की खुर्चीच्या हातांना धरून उचलतात. बहुतेक घडीच्या खुर्च्यांचे हात आणि पायठेवे निघणारे असतात. ते हातात येतात आणि खुर्ची खाली राहते. म्हणून उचलण्याआधीच मोठ्याने सांगायचं: सांगाड्याला धरा, दोघं पुढून, दोघं मागून, ब्रेक लावलाय, ती "चला" म्हणेल तेव्हाच. सूचना तिने द्यायच्या, मी नाही. लोक माझ्याकडे बघून "यांना कुठे बसवू?" असं विचारतात तेव्हा मी ताईकडे बघते आणि गप्प बसते.

जागेचं गणित मला उशिरा कळलं. बैठकीच्या मध्ये खुर्ची लावली की ताईचं डोकं सगळ्यांच्या वर जातं आणि मागून "जरा बाजूला घेता का" सुरू होतं. खुर्च्यांच्या विभागात ओळीच्या टोकाला, शेजारची एक खुर्ची हलवून, ती बाकीच्यांच्या बरोबरीने दिसते. मीही तिच्याशेजारी बसू शकते, मागे उभी राहायची गरज नाही. मात्र ती जागा आपत्कालीन वाट अडवणारी नसावी. आयोजकांना हे आधी लिहून कळवा: खुर्चीचं माप, सोबत किती जण, कुठल्या दारातून येणार, सोबत्याच्या तिकिटाचं काय. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनात सहभागाचा उल्लेख आहे. पहिल्याच पत्रात तो काढू नका, दुसऱ्यासाठी राखून ठेवा. दिव्यांग ओळखपत्राची प्रत पिशवीत असू द्या आणि लेखी उत्तर फोनमध्ये. दारावरच्या स्वयंसेवकाला ते दाखवलं की वाद वाचतो.

पाच-सहा तास एका जागी बसणं निरोगी माणसालाही जड जातं. संवेदना नसलेल्या कातडीवर तर जखम कळतही नाही. खुर्चीची नेहमीची गादी न्यायचीच, "आज जरा दुसरी" नको. दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं किंवा बाजूला झुकायचं. ताईने त्याला ताल शोधलाय: गायक पाण्याचा पेला उचलतो तेव्हा ती स्वतःला उचलते. विलंबित ख्याल लांबला आणि गायकाला तहानच लागली नाही तर फोनची थरथर. डिसेंबरातली पुण्याची रात्र मांडवातही बोचते. पांघरूण, लोकरी मोजे, कानटोपी हवीच. पण पायाशी गरम पाण्याची पिशवी चुकूनही देऊ नका. कळत नसलेल्या पायाला भाजतं आणि ते सकाळी दिसतं. शालीची टोकं मांडीखाली खोचा, नाही तर आऱ्यांत गुंतलीच समजा.

हवा भरायचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, एक पाना, छोटी विजेरी, औषधांची चिठ्ठी. खाण्याचं फार लिहीत नाही. बाहेर स्टॉल असतात, पण तिथे रांगेत मी उभी राहते आणि ताई आत एक बंदिश जास्त ऐकते, ही वाटणी दोघींना मान्य आहे.

घरी आल्यावर कितीही झोप आली असली तरी आरशात बघून कातडी तपासायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द. यावर ताई माझ्याशी भांडते, पण हरते. सकाळी पुढच्या चाकांचे आस बघायचे. सतरंजीचे धागे आणि केस त्यात इतके घट्ट गुंडाळलेले असतात की चिमट्याने काढावे लागतात. ते मी काढत बसते आणि ताई समोर बसून कालच्या तानांचा हिशेब मांडते.