सातवीसाठी गणित-भौतिकशास्त्राचा जादा वर्ग कसा काढाल?

मी परळच्या एका शाळेत गणित शिकवते. वर्ग काढायचा तर आधी शनिवारचे दोन तास मागून घ्या. मुलं गुणांवरून निवडू नका. आमच्याकडे सगळ्यात चिवट निघाली ती काठावर पास होणारी पोरगी.

पहिल्या दिवशी सूत्र नको. दोऱ्याला नट बांधून खिडकीच्या गजाला लटकवा. लांबी 25 सेंटिमीटर असेल तर दहा झोके (जाऊन परत आला की एक) साधारण 10 सेकंदांत होतात. मग लांबी 100 करा. मुलं 40 सेकंद म्हणतात, येतात 20! लांबी चौपट, वेळ दुप्पट. वर्गमूळ इथेच शिकवा. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा (आमचा पहिला तास याच चुकीत गेला), झोका लहान ठेवा आणि कितीही उकडलं तरी पंखा बंद. पुढच्या शनिवारी 50 सेंटिमीटरचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या, मगच दोरा सोडा.